फुंदी शेकुवेचा कच्चा चुना

पाटे बेटावर सिमेंट येऊन पुष्कळ वर्षं झाली, पण फुंदी शेकुवेनं त्याची एक गोणीसुद्धा आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. गावात सुताराला फुंदी म्हणत, होड्या बांधणाऱ्याला फुंदी म्हणत, शिंप्यालाही म्हणत. पण नुसतं ‘फुंदी कुठाय?’ असं कुणी विचारलं की माणसं चुन्याच्या भट्टीकडे बोट दाखवत. म्हातारा हट्टी होता, तोंडाळ होता, आणि आपल्या कामात खरोखरच पटाईत होता. या तीन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की घरच्यांचं काय होतं, ते त्याच्या बायकोला, रुकियाला विचारावं.

“सिमेंटचं काय, एका रात्रीत दगड होतं आणि चार पावसाळ्यांत सोलून पडतं,” तो म्हणे. “माझा चुना सावकाश घट्ट होतो. पण एकदा झाला की हातोडीलाही दाद देत नाही.”

“तुमच्यासारखाच,” रुकिया म्हणे.

त्यांना एकच मुलगी, सोमोए. ती लामूला मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि सुट्टी लागली की होडीनं घरी यायची. त्यांच्याकडे मुलगी लग्नाची झाली की बाप तिला घर बांधून देतो आणि जावई तिथं राहायला येतो. शेकुवेनं आपल्या राहत्या घरावरच मजला चढवला होता. लेक वर राहील, तिची पावलं छतातून ऐकू येतील, सकाळी ती जिन्यावरून हाक मारील, एवढंच त्याला म्हातारपणी हवं होतं. त्यासाठी त्याचा जीव किती तुटत होता हे तो कुणाला सांगत नसे, पण सगळ्या गावाला ठाऊक होतं.

या मजल्याचा चुना भाजला तेव्हाच सोमोएचं लग्न ठरलं, असंही म्हणता येईल. पुस्तकातले रासायनिक अभिक्रियांचे प्रकार फळ्यावर शिकवण्यापेक्षा बापाच्या भट्टीवर शिकवावेत, असं तिच्या मनात आलं आणि ती अख्खा वर्ग होडीत घालून घेऊन आली. खारफुटीच्या आणि नारळाच्या ओंडक्यांच्या चळतीवर प्रवाळाचे दगड रचलेले होते आणि खाली आग धडाडली होती. मुली तोंडावर ओढण्या धरून उभ्या होत्या.

“दगड तापला की त्याच्यातला वायू निघून जातो आणि मागे राहतो कळीचा चुना,” सोमोए ओरडून सांगत होती. “एकाचे दोन झाले. याला म्हणायचं अपघटन. आता इकडे बघा.” तिनं आधीच्या भट्टीतला एक गार खडा घमेल्यात ठेवून त्यावर पाणी शिंपडलं. खडा फुसफुसला, फुगला, वाफा सोडत फुटला आणि त्याचं पीठ झालं. मुली किंचाळून मागे सरल्या. “हा संयोग. चुना आणि पाणी, दोघांचं मिळून एकच झालं.”

मुली वह्यांत उतरवून घेत होत्या. शेकुवे तिकडे ओंडके सरकवणाऱ्या गड्यांना शिव्या घालत होता, पण एक कान इकडे होता आणि छाती फुगली होती. आपण जन्मभर जे केलं त्याला एवढी भारदस्त नावं असतील, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलींना घेऊन आलेला होडीवाला आबूदही येऊन मुलींच्या मागे उभा राहिला होता. हा बेटावरच्याच फाझा गावचा, मितभाषी माणूस. लामू ते पाटे माल आणायचा, न्यायचा. त्यानं एकच प्रश्न विचारला.

“बाई, याचा परत दगड होतो का?”

“होतो,” सोमोए वळून म्हणाली. “भिंतीवर लावला की जो वायू भट्टीत गेला तोच हवेतून परत घेतो. मग पुन्हा दगड.”

“वा,” आबूद म्हणाला. बास, एवढंच. पण परतीच्या वाटेवर बाई सुकाणूजवळ बसल्या, आणि वर्गातल्या मुली अभिक्रियांचे प्रकार सोडून भलत्याच गोष्टीवर खुसखुसत राहिल्या.

लग्न ठरलं. भाजलेला चुना विरवायला आणि खड्ड्यात मुरत ठेवायला गोडं पाणी लागतं. त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी मचूळ झाल्या होत्या. तेव्हा आबूदनं लामूजवळच्या शेला गावच्या वाळूतल्या विहिरींचं पाणी निळ्या ड्रमांत भरून फेरी मागून फेरी करून आणलं, आणि भाडं विचारल्यावर नुसता हसला. चुना महिनोन्‌महिने वाळूखाली मुरला. मग शेकुवेनं स्वतःच्या हातानं वरच्या खोलीला गिलावा केला. गड्याला थापीसुद्धा धरू दिली नाही. भिंती अशा उतरल्या की हात फिरवावासा वाटावा.

पण हात फिरवायची कुणाला परवानगी नव्हती. शेकुवेनं मोंबासाहून काचेच्या खिडक्या मागवल्या होत्या. त्या घट्ट लावल्या. समुद्रावरचा वारा बारीक वाळू उडवतो म्हणून फटींत चिंध्या कोंबल्या. दाराला कुलूप घातलं. रोज सकाळी एकटाच आत जाई, भिंतींवर पाण्याचा हबका मारी आणि पुन्हा कुलूप. तळहाताच्या फोडासारखी त्यानं ती खोली जपली. रुकियाला वर वाळवण घालायचं होतं, तेही घालू दिलं नाही.

लग्न महिन्यावर आलं तेव्हा नवऱ्या मुलाची आई, बी तिमा, भिंत बघायला आली. त्या गावांत ही रीतच आहे. मुलाच्या आईनं काळा बुइबुई अंगभर पांघरून यायचं आणि नव्या खोलीच्या भिंतीला खांदा टेकवायचा. काळ्यावर पांढरं उमटलं नाही तर खाली येऊन कॉफी प्यायची आणि मुलाचा संसार हलवायचा. उमटलं तर कॉफी न पिता परत जायचं. कच्च्या भिंतीच्या घरात जावई जात नाही.

बी तिमा जिना चढेपर्यंत बोलत होती, कुलूप उघडेपर्यंत बोलत होती. बाई बोलायला लागली की श्वास कधी घेते हे कोडंच होतं. ती आत गेली, खांदा टेकवला आणि एकदम गप्प झाली. गप्प झालेली बी तिमा आजवर कुणी पाहिली नव्हती.

तिचा खांदा पिठाच्या गोणीला टेकल्यासारखा पांढरा झाला होता. शेकुवेनं भिंतीवर नख ओढलं. नख लोण्यातून जावं तसं आत गेलं.

ती तशीच खाली उतरली. दारापुढच्या दगडी बाकावर नेहमीची माणसं बसली होती आणि आईला परत न्यायला आलेला आबूद पायरीशी उभा होता. सगळ्यांनी तो खांदा पाहिला. शेकुवेच्या आयुष्यात अशी नामुष्की कधी आली नव्हती, आणि मग त्यानं तेच केलं जे नामुष्की झालेली माणसं करतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“माझा चुना आजवर कधी कच्चा राहिला नाही!” तो गरजला. “विचारा तुमच्या लेकाला! खाऱ्या पाण्यात विरवलेला चुना कधी धरत नाही, हे पोरासोरांना ठाऊक आहे. शेलाचं गोडं पाणी म्हणे! कोण गेलं होतं बघायला? वाटेत समुद्रच भरला असेल ड्रमांत. तेवढीच एक फेरी वाचली!”

बाकावरची माणसं खाली बघायला लागली. आबूद एक पायरी वर चढला.

“फुंदी,” तो म्हणाला, “ते पाणी सोमोएच्या घरासाठी होतं. तिच्या घरात मी समुद्र ओतेन?”

शेकुवेनं तोंड फिरवलं.

“लग्न मी करीन, तिची इच्छा असली तर. पण जिथं मला खोटारडा म्हणतात तिथं मी राहणार नाही. आम्ही लामूला खोली घेऊ.” एवढं बोलून त्यानं आईचा हात धरला आणि धक्क्याकडे चालू लागला.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मजला बांधला, आणि त्यात राहायला आता कुणी नाही. शेकुवे जिन्याच्या पायथ्याशी बसून राहिला. रागानं बसलाय असं तो स्वतःला सांगत होता, पण खरं म्हणजे त्याला रडू येत होतं.

शाळेला सुट्टी लागली आणि सोमोए आली. आली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी होडीतून. रुकियानं फोनवर सगळं सांगितलं होतं. पोरगी ओरडेल, भांडेल, या तयारीनं शेकुवे बसला होता. तिनं पिशवीतून कापसात गुंडाळलेल्या दोन तपकिरी बाटल्या काढल्या.

“बाबा, आरोप केलात ना, मग तपासू या.”

“तपासायचं काय त्यात? हात लाव, भिंत ओली आहे.”

“ओली आहे ते दिसतंय. खारट आहे का ते बघायचंय.”

“चाटून बघा की,” रुकिया चुलीपासून म्हणाली.

“चुना आहे तो! जीभ भाजेल!”

“तेवढं तरी होऊ दे.”

गच्चीवर उन्हात सोमोएनं तीन काचेचे पेले मांडले. एकात समुद्राचं पाणी, दुसऱ्यात शेलाच्या ड्रमात तळाशी राहिलेलं, तिसरा रिकामा. एका बाटलीतला एक थेंब तिनं समुद्राच्या पाण्यात टाकला आणि नारळाच्या फाटलेल्या दुधासारखा पांढरा चोथा खाली बसला.

“यात चांदीचा क्षार आहे,” ती म्हणाली. “मीठ दिसलं की दोघं आपापले जोडीदार बदलून घेतात. दुहेरी विस्थापन. पांढरं दिसतं ते त्या अदलाबदलीचं.”

“लग्नं मोडून दुसरी लावतात म्हण की,” रुकिया म्हणाली. शेकुवेनं तिच्याकडे रागानं पाहिलं.

ड्रमातल्या पाण्यात थेंब पडल्यावर नुसतं धुरकट झालं, एवढं पुसट की उन्हात धरूनच दिसावं. “विहिरीच्या पाण्यात थोडं मीठ असतंच,” सोमोए म्हणाली. मग तिनं वरच्या भिंतीचा चिमूटभर गिलावा तिसऱ्या पेल्यात घातला. आधी तो विरघळायला हवा, म्हणून दुसऱ्या बाटलीतलं आम्ल त्यावर थेंब थेंब सोडलं. गिलावा निमूटपणे विरघळला. वर चांदीचा थेंब पडला. पुन्हा तेच, पुसट धुरकट.

शेकुवेनं पेला उचलला, उन्हात धरला, फिरवला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. समुद्राच्या पेल्याशी त्याचं काही नातं नव्हतं.

“गोडंच पाणी होतं,” तो शेवटी म्हणाला. आवाज इतका बारीक होता की रुकियानं ‘काय?’ असं विचारलं, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

सोमोए मात्र पेल्याकडेच बघत कपाळाला आठ्या घालून बसली होती. “बाबा, हे फसफसलं नाही.”

“काय?”

“तुमचा गिलावा. आम्ल टाकलं तेव्हा.” ती उठली, खालच्या जुन्या घराच्या भिंतीची एक कपची काढून आणली आणि तिच्यावर आम्ल सोडलं. कपचीवर फेस उसळला, सोडावॉटरची बाटली फोडल्यासारखा. “हे बघा. जुन्या चुन्यात वायू भरलेला आहे, तो निघतोय. वरच्यात नाहीच. म्हणजे भिंतीनं तो घेतलेलाच नाही. चुना तसाच राहिलाय, खड्ड्यातून काढला तसा.”

“हवा तर सगळीकडे आहे.”

“त्या खोलीत कुठं आहे? काचा लावल्यात, चिंध्या कोंबल्यात. होता तेवढा वायू भिंतींनी चार दिवसांत खाऊन टाकला असेल. पुढं काय खाणार? भिंत उपाशी आहे, बाबा.”

शेकुवेच्या डोळ्यांपुढे त्यानं बांधलेली घरं येत होती. एकाही घराला काचा नव्हत्या. गिलावा झाला की गडी आतच स्वयंपाक करत, आतच झोपत. घरमालकाची पोरंबाळं धुडगूस घालत. त्याचा उस्ताद तर म्हणायचा, ‘नव्या भिंतीला एकटं सोडू नये, तिला सोबत लागते.’ त्यावर तो तरुणपणी हसायचा. दुसऱ्यांच्या घरांना त्यानं कधी कुलूप लावलं नव्हतं. ते लावलं स्वतःच्या लेकीच्या घराला.

“तो वायू,” त्यानं विचारलं, “आणखी कुठं मिळतो?”

“आपण श्वास सोडतो ना, त्यात हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो.”

“म्हणजे खोलीत माणसं बसवली तर?”

“बसवली, बोलती ठेवली, मधूनमधून वारा खेळता ठेवला, भिंत दमट ठेवली, तर लग्नापर्यंत वरची साय तरी नक्की धरेल.”

शेकुवेनं टोपी उचलली. भर दुपारी तो फाझाला गेला. आबूदच्या घरी न जाता तो थेट धक्क्यावर गेला, कारण अपमान चारचौघांत केला होता. होड्यांवर जेवणाची वेळ होती आणि सगळे नावाडी हजर होते. आबूद शीड शिवत बसला होता. आई त्याचा डबा घेऊन आली होती.

“आबूद,” शेकुवे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तू आणलेलं पाणी गोडं होतं. तपासलं. भिंत कच्ची राहिली ती माझ्या कुलपामुळे. मी तुला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालो. खोटं मीच बोललो होतो. माफ कर.”

आबूदची सुई थांबली. शेकुवे मग बी तिमाकडे वळला. हे तर त्याहून अवघड होतं.

“बी तिमा, त्या भिंतीला माणसांचा श्वास हवाय. तुम्ही बायकांना घेऊन या, वर बसा.”

“बसून काय करू?”

“बोला.”

“किती?”

“जमेल तितकं.”

बी तिमानं डबा खाली ठेवला. “फुंदी, माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकदा तरी असं म्हणावं म्हणून मी वाट बघत राहिले, आणि तो बिचारा न म्हणताच गेला. उद्या सकाळी येते.”

“आईला मी सोडीन,” आबूद म्हणाला. स्वतःच्या येण्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि विचारायचं धाडस शेकुवेला झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या खोलीचा बाजार झाला. फाझाच्या बायका, इकडच्या बायका, त्यांची पोरं. कुणी तांदूळ निवडत होत्या, कुणी मेंदीची पानं वाटत होत्या, लग्नातली गाणी घोटली जात होती. एकीनं चुकीचं कडवं धरलं की दुसरी तिला अडवी आणि मग दोघींचं जुनं भांडण निघे. शेकुवे जिन्यात उभा राहून समाधानानं ऐकत राही. भांडताना माणूस श्वास जास्त सोडतो, असं त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. सोमोए सकाळी आणि दुपारी खिडक्या उघडायला लावी. शेकुवे खिशात लिंबू घेऊन फिरे आणि कुणाचं लक्ष नसलं की कोपऱ्यातल्या भिंतीवर थेंब पिळे. पहिले काही दिवस भिंत मुकीच राहिली. मग एका सकाळी थेंबाच्या कडेला चार बुडबुडे उठले, आणि म्हातारा खाली येऊन रुकियाला ते बुडबुडे किती मोठे होते हे हातानं दाखवायला लागला.

“लिंबं संपली म्हणजे मासा तुमच्या बुडबुड्यांत मुरवीन,” ती म्हणाली. पण तीही वर जाऊन बघून आली.

आबूद रोज आईला धक्क्यावर उतरवी आणि संध्याकाळपर्यंत होडीतच थांबे. शेकुवे रोज दुपारी आल्याची कॉफी आणि गोड पुऱ्यांसारखी ऊनऊन माहामरी घेऊन स्वतः धक्क्यावर जाई. पहिल्या दिवशी आबूदनं पेला घेतला आणि नुसती मान हलवली. नंतर नंतर ते वाऱ्याबद्दल बोलू लागले, शिडाच्या कापडाबद्दल बोलू लागले. घराबद्दल दोघंही बोलत नसत. लामूतली खोली भाड्यानं ठरवली आहे का, हे शेकुवेच्या ओठांवर रोज येई आणि रोज तो ते कॉफीबरोबर गिळून टाकी. सोमोएला विचारलं तर ती म्हणे, “ते तुमच्या दोघांतलं आहे, बाबा. मी त्यात थेंब टाकणार नाही.”

लग्नाच्या आठवड्यात एका दुपारी बी तिमा आपल्या नणंदेच्या बाळंतपणाची हकिकत सांगत होती. हकिकत लांब होती, म्हणून ती भिंतीला पाठ लावून आरामात टेकली होती. मधेच रुकिया कॉफी घेऊन आली आणि तशीच थबकली.

“तिमा, जरा पुढं वाक.”

“अगं, आता तर पाय दिसायला लागले होते...”

“पुढं वाक म्हणते ना!”

ती वाकली. पाठीवर, दोन्ही खांद्यांवर, काळा बुइबुई काळाच होता. एका बाईनं भिंतीवर हात चोळला आणि तळवा सगळ्यांना दाखवला. मग सगळ्या बायकांनी जिभा नाचवून अशी आरोळी दिली की ती धक्क्यापर्यंत गेली. बी तिमानं तिथल्या तिथं कॉफीचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. बाळंतपण अर्धंच राहिलं.

शेकुवे धापा टाकत वर आला. त्यानं भिंतीवर नख ओढलं. नखाला घट्ट लागलं. तो हसला, मग त्याला खोलीतल्या सगळ्या बायका दिसल्या, आणि त्यांच्या मधोमध उभी असलेली सोमोए. भिंत झाली होती. पण भिंत झाली म्हणजे तिच्या आत राहायला कुणी येईलच असं नव्हतं. त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आबूद पहिल्यांदाच वर आला होता. बायकांनी ओढण्या सावरून वाट दिली. त्याच्या एका हातात हातोडी होती आणि दुसऱ्या हातात तासलेली लाकडी खुंटी. तो चारी भिंतींकडे सावकाश बघत राहिला.

“फुंदी,” तो म्हणाला, “मला सदरा टांगायला खुंटी लागते. कुठं ठोकू?”

शेकुवेचा हात आपोआप कोपऱ्याकडे गेला, जिथं ठोकलं तर कमी दिसेल, कमी भेग पडेल. हात तिथंच थांबला. त्यानं तो खाली घेतला.

“मला काय विचारतोस?” तो म्हणाला. “तुझं घर आहे. तू बघ.”

आबूदनं खिडकीशेजारची, खोलीतली सगळ्यांत गुळगुळीत जागा निवडली. पहिला घाव बसला तेव्हा शेकुवेनं डोळे मिटून घेतले. थोडी भुकटी पडली, पण भेग गेली नाही. तो तिथं उभा राहू शकला नाही. जिना उतरून खाली आला आणि आपल्या खाटेवर आडवा झाला. वर हातोडी थांबली. चला, झालं, असं त्याला वाटलं. मग छतातून पावलं ऐकू आली, दोन माणसांची, काहीतरी हळू आवाजातलं बोलणं, आणि हातोडी पुन्हा वाजायला लागली. सोमोएची खुंटी ठोकली जात होती.